नव्या टीव्हीवर डाग बसू नये म्हणून

टीव्ही बसवायला आलेला माणूस जाता जाता, बूट घालता घालता, एक वाक्य बोलला आणि माझी झोप घेऊन गेला.

"काका, एकच चित्र फार वेळ ठेवू नका हां. डाग बसतो."

"डाग? कसला डाग?"

"चित्राचाच. चित्र जातं, पण त्याची सावली पडद्यावर कायमची राहते." एवढं म्हणून त्याने लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली, तो गेला. डॉक्टरने सगळं तपासून झाल्यावर, दार उघडता उघडता, "बाकी प्रकृती उत्तम, फक्त शिंकताना जपा, जीव जाऊ शकतो," असं सांगावं आणि पुढच्या पेशंटला हाक मारावी, तसं झालं. त्यानंतर माणूस शिंकणार कसा?

मी आत येऊन टीव्हीकडे पाहिलं. भिंतभर पसरलेला, पोथीसारखा पातळ, बंद असताना विहिरीसारखा काळाभोर. शिक्षण कार्यालयातून विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने आयुष्यात एकदाच स्वतःसाठी घेतलेली ही वस्तू. चॉंगजूच्या आमच्या सोसायटीत एवढा मोठा टीव्ही दुसऱ्या कुणाकडे नव्हता. दुकानात तो इतका निरोगी दिसला होता! आता मात्र मला तो हातात दिलेल्या तान्ह्या बाळासारखा वाटू लागला. आनंद कमी आणि मान सांभाळण्याची भीती जास्त.

त्या संध्याकाळी मी बातम्या लावल्या. वरच्या कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह. हलेना. खाली बातम्यांची पट्टी. अक्षरं पळत होती, पण पट्टी तिथेच. बदलून खरेदीची वाहिनी लावली, तर बाई सुकवलेले मासे विकत होती आणि बाजूला फोन नंबर ठाण मांडून बसलेला. गाण्याच्या स्पर्धेत परीक्षकांचे गुण, नाटकात 'बारा वर्षांखालील मुलांसाठी नाही' असा गोल. जगात इतक्या गोष्टी जागच्या जागी उभ्या असतात हे मला साठी उलटल्यावर कळलं. शेवटी मी जंगलातल्या प्राण्यांचा कार्यक्रम लावला. सिंह बिचारा सारखा पळत होता. मग तो दमला आणि झाडाखाली झोपला. मी टीव्ही बंद केला.

"अहो, पाहायचा नव्हता तर घेतला कशाला?" मिरान म्हणाली.

मिरान माझी बायको. तिला भीती नावाची गोष्ट ठाऊक नाही, कारण आमच्या घरात ते खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे.

आणि अशा वेळी सासरे आले.

मा आजोबा, वय ब्याऐंशी. दानयांगला रेल्वेत सिग्नल पाहण्यात त्यांचा जन्म गेला. धुक्यात दोन मैलांवरचा दिवा लाल की हिरवा ते सांगणारे म्हणून त्या मार्गावर त्यांचा लौकिक होता, निदान ते तसं सांगत. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन चॉंगजूच्या हॉस्पिटलात झालं आणि पुढचे व्यायाम संपेपर्यंत ते आमच्याकडे राहणार असं ठरलं. काठी, लसणाच्या दोन माळा आणि एक लहानशी पिशवी घेऊन ते आले, टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसले, आणि म्हणाले, "जावईबापू, बदुक लागतं ना यावर?"

लागतं. दिवसरात्र लागतं. आमच्या देशात बदुकची स्वतंत्र वाहिनी आहे. एकोणीस आडव्या आणि एकोणीस उभ्या काळ्या रेघांचा पट, वरून दाखवलेला, पडदा भरून. त्यावर कुणीतरी एक काळी सोंगटी ठेवतं. मग समोरचा विचार करतो. तो विचार करतो म्हणजे काय करतो, तर काही करत नाही. माणूस हलत नाही, सोंगटी हलत नाही, रेघा तर हलतच नाहीत. मी स्वयंपाकघरात जाऊन बार्लीचा चहा करून, पिऊन, कप धुऊन आलो तरी पट तस्साच. जगातल्या सगळ्या शत्रूंनी एकत्र बसून माझ्या टीव्हीसाठी काहीतरी बनवायचं ठरवलं असतं, तरी त्यांना याहून वाईट सुचलं नसतं.

"किती वेळ चालतो हा डाव, बाबा?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हा? हा लवकर संपेल. संध्याकाळपर्यंत."

मी मिरानला गाठलं. ती मुळा चिरत होती. डाग, सावली, रेघा, सगळं सांगितलं. तिने सुरी थांबवली. "बाबांचा गुडघा ठणकतो तेव्हा तेवढंच त्यांना विसरायला होतं. त्यांना एक शब्द बोललात ना, तर बघा." आणि सुरी पुन्हा चालू झाली, मघापेक्षा जोरात.

म्हणजे सासऱ्यांना सांगायचं नाही, बायकोला विचारायचं नाही आणि टीव्हीला वाचवायचं. सर्व्हिस सेंटरला फोन लावला. एक दाबा, चार दाबा, पुन्हा एक दाबा करत करत एका मुलीपर्यंत पोचलो.

"सर, डाग पडला आहे का?"

"नाही. पडेल अशी भीती आहे."

"भीतीसाठी आपल्याकडे तक्रार नोंदवता येत नाही सर. डाग पडल्यावर फोन करा."

"तेव्हा दुरुस्त करून द्याल?"

"नाही सर. स्थिर चित्रामुळे पडलेला डाग वॉरंटीत येत नाही."

"मग फोन कशाला करू?"

"नोंदवण्यासाठी सर," ती गोड आवाजात म्हणाली. पस्तीस वर्षं मी सरकारी कार्यालयात लोकांना हेच उत्तर देत होतो. पण ते ऐकायला कसं वाटतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माहितीपुस्तिकेत एक आशेचा किरण होता. टीव्ही बंद केल्यावर तो आतल्या आत स्वतःचा पडदा साफ करतो. फक्त त्याची वीज तोडू नका. मला हायसं वाटलं. तेवढ्यात सासऱ्यांनी टीव्ही बंद केला, काठी टेकत भिंतीपाशी गेले आणि काठीच्या टोकाने बोर्डाचं बटण खट्कन पाडलं. "वापरात नाही त्याला वीज कशाला?" मी मागून चालू केलं. त्यांनी पाणी प्यायला जाताना बंद केलं. मी चालू केलं. रेल्वेतल्या माणसाच्या नजरेतून बंद टीव्हीखालचा तांबडा ठिपका सुटत नाही.

मग मी समोरच्या फ्लॅटमधल्या प्यो मास्तरांकडे गेलो. ते शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. निवृत्तीनंतर विद्यार्थी मिळेनासे झाल्यामुळे ते जिन्यात शिकवतात.

"उजेड!" मास्तर बोट वर करून म्हणाले. "डागाचं मूळ उजेडात आहे. ब्राइटनेस कमी करा, डाग पडणारच नाही."

"पण सासऱ्यांच्या लक्षात आलं तर?"

"एकदम नका करू. रोज थोडा थोडा. डोळ्याला सवय होते. विज्ञान आहे हे."

तर मी विज्ञानाला शरण गेलो. सासरे न्हाणीघरात गेले की रिमोट घ्यायचा आणि एक घर खाली. आठवडाभरात पटावरच्या पांढऱ्या सोंगट्या राखाडी झाल्या आणि काळ्या दिसेनाशाच झाल्या. सासरे काही बोलले नाहीत. फक्त खुर्ची थोडी पुढे सरकली. मग आणखी पुढे. मी मनात मास्तरांना धन्यवाद देत होतो.

एके दिवशी सूप वाढताना मिरानचे डोळे लाल दिसले. "बाबांना दिसेनासं झालंय," ती कुजबुजली. "मला म्हणाले, कुणाला सांगू नकोस. काळी सोंगटी कुठे पडली ते कळत नाही म्हणाले. अहो, बाबांना! ज्यांना धुक्यातला सिग्नल दिसायचा!"

तेव्हाच सांगायला हवं होतं, हे तुम्हालाही कळतं आणि मलाही कळत होतं. पण तिच्या हातात उकळत्या सुपाचं पातेलं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीणबाईंनी हनुवटी टेकवायला लावली, थेंब घातले, अक्षरं वाचायला लावली. "आजोबा, या वयात इतके चांगले डोळे मी पाहिले नाहीत," त्या म्हणाल्या. मिरानने सुस्कारा सोडला. सासरे मात्र टॅक्सीत बसल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मुलीसमोर ती खरं कसं सांगणार? तुम्ही पुरुषासारखे ऐका, जावईबापू. फार दिवस राहिलेले नाहीत डोळ्यांचे."

घरी आल्यावर ते गॅलरीत उभे राहिले. दूर चौकात रहदारीचा दिवा होता. त्याच्याकडे पाहून ते पुटपुटत होते, "लाल... लाल... हिरवा." सगळं बरोबर. मला वाटलं, आता तरी धीर येईल. पण ते वळून म्हणाले, "लांबचं दिसतं. म्हणजे जवळचं आधी जाणार." त्या दिवसापासून त्यांनी बदुक पाहणं सोडलं. डोळे मिटून घरात चालण्याचा सराव सुरू केला. खुर्ची, टेबल, दार, असं हाताने चाचपत. एकदा चाचपता चाचपता त्यांचा हात माझ्या चेहऱ्यावर आला. "कोण, जावईबापू?" त्यांनी विचारलं. मला रडू येईल की काय अशी भीती वाटली.

टीव्हीची भीती एका बाजूला, ही दुसऱ्या बाजूला. ही मोठी निघाली. ते पुन्हा न्हाणीघरात गेले तेव्हा मी रिमोट उचलला आणि ब्राइटनेस वर वर नेत शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला. घाबरलेल्या माणसाला मधलं घर सापडत नाही.

पण एक गोंधळ झाला. त्याच सकाळी आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा गिलबाई सुकवलेल्या शेवंतीच्या फुलांचा काढा घेऊन आल्या होत्या. "डोळ्यांना याच्यासारखं औषध नाही. माझ्या मावससासूबाई याच्यावर सुईत दोरा ओवायला लागल्या." सासरे तो नाक धरून प्यायले, मिरानच्या आग्रहामुळे टीव्हीसमोर बसले, टीव्ही लागला, आणि ते खुर्चीतून अर्धे उठले.

"मिरान! अगं, दिसतंय! सोंगटीवरची चमकसुद्धा दिसतेय!"

मिरान रडली. गिलबाई रडल्या. मीही रडलो, त्यांना वाटलं आनंदाने.

दुपारपर्यंत ही बातमी चारही इमारतींत पोचली. सोसायटीने तळमजल्यावर ज्येष्ठांसाठी ठेवलेल्या खोलीतले म्हातारे एकेक करून वर येऊ लागले. आधी मा आजोबांचे डोळे बघायला, मग गिलबाईंचा काढा प्यायला, आणि मग, आलोच आहोत तर, बदुक बघायला. एवढ्या मोठ्या, एवढ्या झगझगीत पडद्यावर बदुक त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. सकाळी न्याहारी करून येत, जाताना "उद्या लवकर येतो" असं धमकावून जात. आमच्या दारात जोड्यांचा ढीग, बैठकीत खोकल्यांचा, आणि पडद्यावर तो पट. संपूर्ण उजेडात. न हलता. मी मागे उभा राहून पाहायचो आणि एकोणीस आडव्या, एकोणीस उभ्या रेघा माझ्या छातीवर उमटताना मला जाणवायच्या.

त्यात सोसायटीच्या ऑफिसातून बोलावणं आलं. व्यवस्थापक चष्म्यावरून बघत म्हणाले, "नाम साहेब, तुम्ही समांतर ज्येष्ठ केंद्र चालवताय अशी तक्रार आहे."

"मी? अहो, ते आपणहून येतात!"

"खालच्या खोलीत गेले कित्येक दिवस कुणी फिरकलेलं नाही. जिल्ह्याचे लोक पाहणीला आले आणि खोली रिकामी दिसली, तर तिचं अनुदान बंद होईल. आणि तुमच्या खालच्या मजल्यावरची बाई म्हणते की वरून सारखा काठ्यांचा आवाज येतो."

"मग मी काय करू? दार बंद करू?"

"ज्येष्ठांचा अपमान करा असं मी म्हटलेलं नाही," ते घाईघाईने म्हणाले. "फक्त ते येणार नाहीत असं बघा." विभागप्रमुख असताना मी काढलेली परिपत्रकं मला आठवली. आपल्या हाताखालच्यांचं काय होत असेल याचा विचार मी कधी केला नव्हता.

मी पुन्हा मास्तरांकडे गेलो. या वेळी त्यांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "एक व्हिडिओ आहे. डाग धुणारा. पडदाभर रंग फिरतात, लाल, निळा, हिरवा, आणि आत बसू पाहणारी सावली निघून जाते. घरात कुणी नसताना लावायचा. पूर्ण ब्राइटनेसवर. आणि समोर बसू नका, डोळ्यांना त्रास होतो."

हे जमण्यासारखं होतं. दर दुपारी म्हातारे जेवायला आपापल्या घरी गेले की मी सासऱ्यांना गुडघ्याच्या व्यायामाला हॉस्पिटलात नेत असे आणि मिरान तिच्या पोहण्याच्या वर्गाला जात असे. निघताना मी मोजे विसरल्याचं निमित्त करून आत यायचो, व्हिडिओ लावायचो आणि पळत लिफ्ट गाठायचो. सासरे तिकडे पाय वर-खाली करत असायचे आणि मी बाकावर बसून मनात माझा टीव्ही लाल, निळा, हिरवा धुतला जाताना बघायचो. त्या महिन्यात तेवढाच वेळ मला भीती वाटली नाही. आणि नेमका तोच वेळ भिण्याचा होता.

अंतिम सामन्याच्या दिवशी बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तर होते, गिलबाई काढ्याचा थर्मास घेऊन होत्या, आणि सगळे म्हातारे होते. समालोचकाने पट पुसून नवा, कोरा पट दाखवला. सासरे पुढे झुकले.

"जावईबापू, हे खालच्या कोपऱ्यात काय लिहिलंय?"

"कुठे, बाबा? काही नाही."

"आहे. पुसट आहे. थांबा." सिग्नल वाचणाऱ्या त्या डोळ्यांनी त्यांनी एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. "'पडदा... सुरक्षित... होत आहे... कृपया... बंद करू नका.'"

मिरानने वाहिनी बदलली. सुकवलेल्या माशांवर तेच. गाणाऱ्या बाईच्या गळ्यावर तेच. जंगल लावलं, तर सिंहाच्या पोटावर तेच. बदुकच्या एकाही रेघेची सावली नव्हती. महिनाभर मास्तरांच्या व्हिडिओतले रंग फिरत राहिले होते आणि ते वाक्य तेवढं कोपऱ्यात जागचं हललं नव्हतं. मी मास्तरांकडे पाहिलं. ते बूट शोधायला उठले होते.

मी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तोच गोड आवाज. "डाग कशाचा आहे सर?"

"मजकुराचा."

"काय मजकूर आहे?"

"'पडदा सुरक्षित होत आहे.'"

"अभिनंदन सर. मग अडचण काय आहे?"

मी फोन ठेवला. मिरान रिमोट घेऊन बसली होती. तिला सगळ्या गोष्टींवर उपाय हवा असतो. "ब्राइटनेस कमी केला तर अक्षरं दिसणार नाहीत," ती म्हणाली आणि एकेक घर खाली आणू लागली. पांढऱ्या सोंगट्या राखाडी झाल्या. काळ्या दिसेनाशा झाल्या.

"थांब," सासरे म्हणाले.

ते पडद्याकडे बघत राहिले. मग खुर्ची जिथवर सरकली होती त्या जागेकडे. मग माझ्याकडे. बदुक खेळणारा माणूस विचार करतो तेव्हा कसा दिसतो, ते मी महिनाभर पाहत होतो. पण समोर मी कधी बसलो नव्हतो.

"काय झालं, बाबा?" मिरानने विचारलं.

"काही नाही. कर पहिल्यासारखं. अक्षरं असू देत."

त्यांनी तिला सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पिशवीतून घडीचा पट काढला आणि मला समोर बसवलं. "काळ्या तुमच्या." मी रोज हरलो. ते माझ्या सोंगट्यांना घेरायचे, हळूहळू, एकेक घर, घाई न करता, आणि मी कुठे चुकलो ते सांगायचे नाहीत. बाकीचे म्हातारे तो अंत बघायला दोन दिवस आले, मग कंटाळून खालच्या खोलीत परत गेले. व्यवस्थापकांनी मला जिन्यात लवून नमस्कार केला.

व्यायाम संपले. दानयांगच्या बसपर्यंत मी सासऱ्यांना सोडायला गेलो. चढण्यापूर्वी ते थांबले.

"मी आंधळा व्हायची तयारी करत होतो, जावईबापू."

"चुकलं, बाबा."

"हो," ते म्हणाले. मग काठी माझ्या हातात दिली, कठडा धरून स्वतःच्या पायांनी वर चढले आणि वरून काठी मागून घेतली.

परवा दुपारी मी एकटाच बातम्या पाहत होतो, पळणारी पट्टी असलेल्या. फोन वाजला. दानयांगहून.

"काय पाहताय?"

"बदुक, बाबा," तोंडातून निघून गेलं.

"बरं. मग सांगा पाहू, पांढऱ्याने आत्ता कुठे खेळलंय?"

रिमोट गादीखाली होता. फोन खांद्याला, एक हात गादीखाली, माझा श्वास त्यांना ऐकू जात असणार. वाहिनी सापडली. पट आला, भरून, उजळ, एकही रेघ न हलणारा. पांढरा खेळाडू गालाला हात लावून बसला होता.

"अजून विचार करतोय, बाबा," मी म्हणालो.

"बरोबर," ते म्हणाले. "मग थांबू आपण."

आम्ही फोन कानाला धरून थांबलो.